वारशाला शिस्त लावणारे डाल

‘क्लास’, ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘इनहेरिटन्स’ हे शब्द सॉफ्टवेअर क्षेत्रात पदोपदी वापरले जातात. या संकल्पनांचा पाया घालणाऱ्या दोघा नॉर्वेजियन शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे ओले-योहान डाल.

डाल यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९३१ रोजी नॉर्वेतील मांडाल येथे झाला. १९५२ मध्ये लष्करी सेवेच्या निमित्ताने ते तेथील संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाले आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांच्या हाताखाली काम करू लागले. न्यूगोर्ड बोलके व धडाडीचे, तर डाल मितभाषी, पियानोत रमणारे. १९६३ मध्ये डाल ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात आले. या जोडीने तेथे ‘सिम्युला’ ही भाषा साकारली. लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा तिचा कम्पायलर घडविण्याचा भार प्रामुख्याने डाल यांनी वाहिला.

१९६७ मध्ये ‘सिम्युला ६७’ अवतरली. तिच्यात एका क्लासचे गुण दुसऱ्याला वारशाने मिळू लागले. ‘जहाज’ हा मूळ क्लास मानला, तर ‘तेलवाहू’ आणि ‘प्रवासी’ हे त्याचे उपक्लास. रिकामे होणे प्रत्येक जहाजाला आवश्यक. रीत मात्र ज्याची त्याची. अशा कामाचे केवळ नाव मूळ क्लासने सांगावे आणि कृती उपक्लासने पुरवावी, यासाठी ‘व्हर्च्युअल’ पद्धतीची योजना झाली. कोणत्या जहाजासाठी कोणती कृती, याची सोय कम्पायलर आधीच करून ठेवी.

एक उणीव मात्र राहिली. उपक्लासने कृती दिलीच नाही, तर चूक उघड होई ती प्रोग्रॅम चालू असताना, त्या कृतीची हाक आल्यावर. पुढील भाषांनी ही तपासणी कम्पायलरकडे सोपविली. १९८९ मध्ये ‘सी प्लस प्लस’ भाषेत निव्वळ व्हर्च्युअल पद्धती आली. वारशाने आलेली अशी कृती अपुरी असलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट तयार करण्यासच कम्पायलर नकार देऊ लागला. नाव वा तपशील चुकल्याने मूळ कृती बदललीच जात नाही, ही फसगतही २०११ मध्ये आलेल्या ‘ओव्हरराइड’ या शब्दाने पकडता येऊ लागली.

डाल १९६८ मध्ये ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले. न्यूगोर्ड यांच्यासह त्यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २९ जून २००२ रोजी डाल यांचे निधन झाले. सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला न्यूगोर्डही गेले. ओस्लो विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाची इमारत आज डाल यांच्या नावाने ओळखली जाते.