परोपकारी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन

नांदेड व लातूर या भागांतील खेड्यांतून शिक्षणासाठी येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी दोनचार कोंबड्या असतातच. अंडी फुटून पिले बाहेर आली म्हणजे मुलांच्या आनंदास पारावार राहत नाही. परंतु कित्येकदा आठ-दहा दिवसांच्या आतच पिलांस पांढरी हगवण लागते, ती माना टाकतात, आणि डालग्याखालची सारी वीण पाहता पाहता नाहीशी होते. घरची वडील माणसे दैवास किंवा कोणाच्या दृष्टीस दोष देऊन गप्प बसतात. या हगवणीचे कारण पुष्कळदा साल्मोनेला नावाच्या जंतुकुळात असते. असा घातक जंतूच दुबळा करून त्याच्याकडून रक्षणाचे काम करवून घेता येते, हे ज्ञान मनुष्यास प्रथम कोंबड्यांपासूनच लाभले. ते ज्ञान पुढे नेऊन आपल्या देशातील मनुष्यांच्या उपयोगी ज्याने आणले, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. ते वैद्य नव्हते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे याच कारणास्तव अनेक वैद्यकीय अधिकारी त्यांच्याकडे संशयाने पाहत असत. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह हे त्यांचे गुरू. शरीरात शिरलेल्या जंतूंस गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींचा शोध लावणारे ते हेच होत. रशियात त्या काळी यहुदी लोकांचा फार छळ होत असे. आपल्या बांधवांच्या रक्षणार्थ पुढे झाल्यामुळे हाफकिन यांस मार खावा लागला व बंदिवासही घडला. स्वदेशात उत्कर्षाचे मार्ग बंद झाले, तेव्हा 1888 साली ते जिनिव्हास गेले व पुढील वर्षी पॅरिस येथील पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे प्रथम त्यांस जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची! पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता.

या संस्थेचे आद्य पुरुष लुई पाश्चर यांनी 1879-80 च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीच्या जंतूंवर प्रयोग केले होते. पुष्कळ दिवस तसेच पडून राहिलेले जंतू टोचले असता कोंबड्या किंचित आजारी पडत, पण मरत नसत. इतकेच नव्हे, तर त्याच कोंबड्यांस नंतर ताजे जहाल जंतू टोचले तरी त्या जगत. जंतूचा जहालपणा हा अढळ नसून तो कमीअधिक करता येतो, हे यावरून सिद्ध झाले. पुढे 1886 साली अमेरिकेत सॅल्मन व थिओबाल्ड स्मिथ यांनी उष्णतेने मारलेले जंतू टोचूनही पारव्यांचे रक्षण होते, असे दाखविले. तो जंतू आज साल्मोनेला कुळातच गणला जातो, आणि त्या कुळास नावही याच सॅल्मन यांचे मिळालेले आहे.

हाफकिन यांनी मनुष्यास होणाऱ्या पटकीचा जंतू हाती घेतला. त्यांनी त्याच्या दोन जाती सिद्ध केल्या: एक उष्ण व खेळत्या हवेत वाढवून सौम्य केलेली, आणि दुसरी गिनीपिगांच्या शरीरातून एकामागून एक नेऊन तीव्र केलेली. प्रथम सौम्य व नंतर तीव्र लस टोचावयाची, अशी त्यांची रीत होती. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. 1893 च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास उतरले. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ गावोगाव हिंडून त्यांनी सुमारे 42,000 लोकांस लस टोचली व अखेरीस हिवतापाने जर्जर होऊन ते परत गेले.

पुढल्याच वर्षी ते पुन्हा हिंदुस्थानात आले. 1896 च्या अखेरीस मुंबईत ग्रंथिक सन्निपाताने, म्हणजे प्लेगने, हाहाकार उडविला होता. या रोगाने 1897 च्या मार्चमध्ये पुण्यास रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, हे आपणांस विदित आहेच. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत, एक कारकून व तीन शिपाई यांच्या साह्याने, हाफकिन यांनी अहोरात्र श्रम करून अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली ते जंतू वाढवीत व मग उष्णतेने मारीत. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी पुन्हा स्वतःवरच प्रयोग केला, आणि पुढे इतरांस दिली त्याहून कितीतरी अधिक मात्रा घेतली. तापाने अंग फणफणले, पण ते वाचले. मग भायखळ्याच्या तुरुंगात खुषीने पुढे आलेल्या कैद्यांस लस टोचण्यात आली. न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात रोग पुष्कळच कमी आढळला. तिसरे आगाखान यांनी स्वतः टोचून घेऊन आपल्या अनुयायांची भीती घालविली. 1899 साली परळ येथील जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

परंतु सज्जनांची कसोटी यशाच्या काळात होत नसते. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. त्या एकोणीस घरांवर कोसळलेले दुःख अपार होते, आणि त्याचे उत्तर मागणे न्याय्यच होते. पण चौकशी मंडळाने सारा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला व हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. पुढे पुरावा नीट तपासला तेव्हा दिसून आले की, त्या बाटलीचे बूच काढणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, आणि 1907 साली ते निर्दोष ठरले. ते परत आले ते कलकत्त्यास. मुंबईची त्यांची प्रयोगशाळा त्यांस पुन्हा मिळाली नाही. 1914 साली ते निवृत्त झाले. 1925 साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. ती आजही तेथे उभी आहे. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे या अविवाहित, धर्मनिष्ठ पुरुषाने इहलोकची यात्रा संपविली. आपली संपत्ती त्यांनी यहुदी धर्मशिक्षणाच्या कार्यास दिली होती.

जंतूचा जहालपणा कमीअधिक का होतो, हे हाफकिन यांच्या काळी कोणास ठाऊक नव्हते. आज त्याचे मूळ जंतूच्या जनुकांत सापडले आहे. साल्मोनेलाच्या अंगी जनुकांचा एक समूह असा असतो की, त्याच्या बळावर तो सूक्ष्म सुईसारखे साधन बनवितो आणि आतड्याच्या पेशीत आपली प्रथिने घुसवून आत वाट करतो. दुसऱ्या एका समूहाच्या साह्याने तो मेच्निकॉव्ह यांच्या त्या भक्षक पेशींतच सुखाने नांदतो. गिळावयास आलेल्याच्याच घरी बिऱ्हाड करतो म्हणा ना! एखादे आवश्यक जनुक काढून घेतले, तर जंतू पंगू होतो. पण शरीर त्यास ओळखते व पुढील हल्ल्यास सज्ज राहते. कोंबड्यांसाठी अशा पंगू साल्मोनेलाच्या लसी आज प्रचारात आहेत. ज्या कोंबड्यांनी पाश्चर यांस वाट दाखविली, त्यांचे ऋण शास्त्र अशा रीतीने फेडीत आहे.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण उपासनेच्या वेळी अनेकदा ऐकतो. परक्या जातीच्या जखमी वाटसरूस पाहून जो थांबला, तोच खरा शेजारी ठरला. हाफकिन यांस स्वदेश पारखा झाला होता. तरी परमुलखातील दुःखितांसाठी ते थांबले, आणि त्यांच्या अंगात सुई टोचण्यापूर्वी ती आपल्या अंगात टोचून घेते झाले. विद्यार्थिमित्रहो, आपल्या पिलांस रोग झाला असता दैवास बोल लावण्यापूर्वी कारण शोधा, डालगे स्वच्छ राखा, पशुवैद्यास विचारा. आणि कोणावर दोषारोप होत असेल तेव्हा निवाडा देण्यापूर्वी पुरावा पाहा. या दोन गोष्टी आचरणात आल्या, तर हे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.