सबवूफरवर लिहिलेले ते ‘ओहम’ कोण होते?

गाडीत सबवूफर बसवायचा म्हटलं की आपण आधी वॉट बघतो. पण अँप्लिफायर टिकणार की जळणार हे बऱ्याचदा त्याच्या शेजारचा छोटा आकडा ठरवतो: ४ ओहम, २ ओहम. इंजिनिअरिंगला मी ओहमचं सूत्र पाठ केलं होतं, पण त्यामागचा माणूस बऱ्याच नंतर वाचला. तो वाचल्यावर हा आकडा जास्त नीट कळला, म्हणून आज त्यांच्याबद्दल.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलुपं बनवायचे. ते स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान शिकले होते आणि मुलांनाही त्यांनीच शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली. १८०५ मध्ये ते विद्यापीठात गेले, पण तिथे नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यातच जास्त रमले. वडील भडकले. शिक्षण मध्येच थांबलं आणि जॉर्ज स्वित्झर्लंडमध्ये गणित शिकवायला गेले. पुढे परत येऊन १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून ते कोलोनच्या एका शाळेत शिकवत होते. प्रयोगही शाळेच्याच प्रयोगशाळेत चालायचे. प्रश्न साधा होता: तार लांब केली तर करंट किती कमी होतो? पण त्या काळच्या बॅटऱ्या प्रयोग चालू असतानाच उतरायच्या, मग मोजणार काय? पोगेनडोर्फ या शास्त्रज्ञांच्या सल्ल्यावरून ओहम यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांबं यांची जोड वापरली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक पक्का, म्हणून व्होल्टेजही पक्कं. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसुई किती वळते ते मोजलं. १८२६ मध्ये नियम हाती आला: व्होल्टेज तेच ठेवून रोध निम्मा केला, की करंट दुप्पट.

आता हेच गाडीच्या डिकीत बघा. समजा तुमच्या सबवूफरला ४-४ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल आहेत. सिरीजमध्ये जोडल्या तर अँपला ८ ओहम दिसतात, पॅरलल जोडल्या तर २. असे दोन सबवूफर घेऊन सगळंच पॅरलल जोडलं तर फक्त १ ओहम उरतो. अँप किमान २ ओहमचा असेल, तर त्याच आवाजाला त्याच्याकडून दुप्पट करंट मागितला जातो आणि आतल्या भागांत तयार होणारी उष्णता साधारण चौपट होते. नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शनचा दिवा लागतो. नाहीतर जळका वास येतो. दोन चॅनेल ब्रिज केले तर आणखी जपा, कारण ४ ओहमचा वूफर तेव्हा प्रत्येक चॅनेलला २ ओहमसारखा वाटतो.

ओहम यांनी १८२७ मध्ये बर्लिनहून आपलं पुस्तक काढलं. विद्यापीठात नोकरी मिळेल अशी त्यांना आशा होती. पण प्रतिसाद थंड होता. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये गणित शिकवून काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. खरा मान परदेशातून आला: १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं. म्युनिकमध्ये प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी. ६ जुलै १८५४ ला ते गेले. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ‘ओहम’ हे नाव पक्कं केलं.

त्यांचा नियम वापरून एवढं नक्की करा:

१. जोडणी झाली की अँपला लावण्याआधी मल्टीमीटरने रोध मोजा. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दिसते, ते ठीक आहे. आकडा फारच कमी आला तर थांबा.

२. पीक वॉट सोडा, आरएमएस जुळवा. सबवूफरचे आरएमएस वॉट आणि त्या ओहमला अँप देतो ते आरएमएस वॉट जवळपास सारखे हवेत.

३. गेन लावताना सबवूफर काढून ठेवा, ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि आउटपुटचं एसी व्होल्टेज बघा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० वॉट आणि २ ओहमला ३१.६ व्होल्ट. त्याच्या पुढे जाऊ नका.

४. पॉवर केबल लांब आणि बारीक असेल तर तिचाही रोध वाढतो आणि ती तापते. वरून तांब्यासारखी दिसणारी पण आतून ॲल्युमिनियमची वायर असेल तर आणखी जाड घ्या. केबलला झेपेल त्याच आकड्याचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा.

दुकानदार वॉट सांगेल. ओहम तुम्ही विचारा.