माई भागो

आपल्यापैकी ज्या भगिनी नांदेडला जाऊन आल्या असतील, त्यांनी गोदाकाठच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आवारात माई भागोंच्या नावाचा बुंगा पाहिला असेल. हात जोडून आपण पुढे जातो. या माई कोण, हे मात्र थोड्याच जणींना ठाऊक असते.

अमृतसरजवळचे झबाल हे त्यांचे माहेर. १६०६ साली गुरू अर्जनदेवांचा लाहोरला छळ होऊन अंत झाला. त्यांचे पुत्र गुरू हरगोबिंद यांनी कमरेला दोन तलवारी लावल्या आणि भाविकांकडून घोडे व शस्त्रे भेट म्हणून मागितली. नांगर धरणारे हात कुस्ती, शिकार, घोडदौड शिकू लागले. त्या फौजेत भागोंच्या घरचे लोक होते असे सांगतात. म्हणूनच वडिलांनी मुलीलाही भाला चालवायला शिकवले. पुढे पट्टीच्या निधानसिंगांशी त्यांचा विवाह झाला.

१७०४-०५ मध्ये गुरू गोविंदसिंगांच्या आनंदपूरला मोगलांचा व पहाडी राजांचा वेढा पडला. अन्न संपले, झाडांच्या साली खाण्याची पाळी आली. तेव्हा माझा प्रांतातील चाळीस जण, आपण आता गुरूंचे शिष्य नव्हे, असे लिहून देऊन घरी परतले. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण महिनोन्महिने उपाशी राहून पाहावे!

माईंनी मात्र त्यांना गावात सुखाने बसू दिले नाही. घरे आम्ही राखतो असे म्हणून बायकांनी त्यांच्यापुढे बांगड्या ठेवल्या, असेही कोणी सांगतात. मला ते फारसे रुचत नाही. बांगड्यांच्याच हाताने माईंनी शस्त्र उचलले होते ना! त्या स्वतः घोड्यावर बसून पुढे निघाल्या, तेव्हा ते चाळीस जण मागोमाग आले.

१७०५ साली खिदराणा येथे गाठ पडली. त्या रुक्ष मुलखात पाण्याचे तळे तेवढेच. झुडपांवर चादरी पसरून त्यांनी मोठी छावणी असल्याचा भास केला आणि तळे सोडले नाही. पाण्यावाचून मोगल फौज माघारी फिरली. चाळीस जण कामी आले. प्राण जाण्यापूर्वी महानसिंगाने एवढेच मागितले, की तो कागद फाडावा. गुरूंनी तो फाडला. त्या जागेला पुढे मुक्तसर नाव पडले.

माई जखमी होऊन वाचल्या. गुरूंच्या अंगरक्षकांत राहून नांदेडपर्यंत आल्या. १७०८ साली तेथे गुरूंचे देहावसान झाले. त्यानंतर माई पंजाबात परतल्या नाहीत. बिदरजवळच्या जनवाडा गावी नामस्मरणात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले.