८७ दिवसांचा सम्राट

राज्यकर्त्याचे मोठेपण कारकिर्दीच्या लांबीवर मोजू नये, हे रोमन सम्राट पर्टिनॅक्स याच्या चरित्रावरून पटते. इ. स. १२६ मध्ये एका मुक्त गुलामाच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य प्रथम व्याकरणाचा शिक्षक होता. त्या मिळकतीत भागेना, तेव्हा तो सैन्यात शिरला आणि ब्रिटनच्या सुभेदारीपर्यंत चढला.

३१ डिसेंबर १९२ रोजी उधळ्या कॉमोडसचा खून झाला व राज्य पर्टिनॅक्सकडे आले. खजिन्यात अवघे १० लाख सेस्टर्स उरले होते. त्याने कॉमोडसच्या चैनीच्या वस्तू विकल्या, नाण्यातील चांदी वाढविली आणि पडीक जमीन कसणाऱ्यास १० वर्षे करमाफी दिली. अर्थशास्त्राच्या कसोटीवर यात गैर काहीच नव्हते.

परंतु दरडोई १२ हजारांचे बक्षीस कबूल करूनही राजरक्षकांना शिस्त सोसवेना. २८ मार्च १९३ रोजी त्यांनी राजवाड्यातच त्याचा वध केला आणि साम्राज्य लिलावात काढले. डिडियस ज्युलियानसने दरडोई २५ हजारांची बोली देऊन ते घेतले.

पुढे सेव्हेरसने पर्टिनॅक्सचे नाव धारण केले, त्याला देवत्वही दिले. नाण्यातील चांदी मात्र घटविली. समकालीन इतिहासकार डिओ याने पर्टिनॅक्सच्या घाईला दोष दिला आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. सुधारणेचा लाभ विखुरलेल्या शेतकऱ्यांना व्हावयाचा होता, तोटा मात्र हाती शस्त्र असलेल्यांचा होता. सुधारकाचे नाव पूजणे सोपे असते. त्याचा हिशेब पाळणे कठीण.