धडकेचे गणित स्वतःच्या देहावर सोडविणारा डॉक्टर

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या हॉलोमन हवाई तळावर १० डिसेंबर १९५४ रोजी एक रॉकेट-गाडी रुळांवरून ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाने धावली आणि अवघ्या १.४ सेकंदांत थांबली. तिच्यावर स्वतःला पट्ट्यांनी जखडून घेऊन बसले होते हवाई दलातील डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल स्टॅप.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमध्ये एका मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. नात्यातील एका तान्ह्या बाळाचा भाजून झालेला मृत्यू पाहून ते वैद्यकाकडे वळले. १९४४ मध्ये डॉक्टर होऊन ते सैन्यात दाखल झाले.

गुरुत्वाकर्षणाच्या अठरा पटींहून अधिक धक्का माणूस सोसू शकत नाही, असा त्या काळी समज होता. त्याच हिशेबाने विमानांतील आसने बांधली जात. या समजाची परीक्षा स्टॅप यांनी १९४७ पासून कॅलिफोर्नियातील म्युरॉक तळावर आरंभिली. आधी पुतळ्यांवर आणि मग स्वतःवर. त्यात त्यांच्या बरगड्या आणि मनगट मोडले.

या प्रयोगांचे गणित साधे आहे. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. बल गुणिले वेळ म्हणजे आवेग. आणि आवेग हा संवेगातील बदलाइतका असतो. ७५ किलोग्रॅम वजनाचा माणूस त्या वेगाने जात असता त्याचा संवेग सुमारे २१,२०० एकक होतो. त्याला १.४ सेकंदांनी भागले की सरासरी १५,१०० न्यूटन, म्हणजे दीड टन वजनाइतके बल येते. मात्र गाडी रोखणाऱ्या पाण्याचा अवरोध सर्वकाळ सारखा नव्हता. त्यामुळे कमाल धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ४६.२ पट, जवळजवळ साडेतीन टनांचा झाला. थांबण्याचा अवधी दहापट कमी असता, तर सरासरी बल दहापट वाढले असते.

स्टॅप यांच्या डोळ्यांत रक्त उतरले आणि काही काळ दृष्टी गेली. ती परत आली आणि जुना समज कायमचा मोडला.

विमानांपेक्षा मोटार अपघातांत अधिक सैनिक दगावतात, हे ध्यानी येताच त्यांनी मोटारींतील पट्ट्यांचा आग्रह धरला. अंगावरचा पट्टा किंचित ताणतो, थांबण्याचा अवधी वाढवतो आणि बल छातीवर व कमरेवर विभागतो. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा स्टॅप तेथे उपस्थित होते. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, हॉलोमन तळाजवळच्याच अलामोगोर्डो गावी त्यांचे निधन झाले.