दुःखानंतरचा सण आणि रमाबाई रानडे



पौष महिना आला की घरोघरी तिळगुळाची तयारी सुरू होते. आमच्या भिलाईतील रुआबांध्यात मराठी घरांमध्ये सुगडे पुजली जातात, हळदीकुंकवाची बोलावणी होतात. याच पौषाच्या पौर्णिमेला छत्तीसगढी शेजाऱ्यांची मुले छेरछेऱ्याचे धान मागत दारोदार फिरतात. सगळीकडे देण्याघेण्याचा आनंद असतो. पण ज्या घरातील माणूस नुकतेच गेले आहे, त्या घरात हे दिवस कसे जात असतील, याचा आपण कधी विचार केला आहे का? कदाचित आपल्यापैकी काही जणांच्या घरीच यंदा तशी वेळ आली असेल. अशा वेळी रमाबाई रानडे यांचे जीवन आपल्याला खूप काही शिकवते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सांगली भागातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलींना शिकवत नसत. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. म्हणजे दुःखाची सावली असलेल्या घरातच या लहान मुलीने पाऊल ठेवले.

रानड्यांनी पत्नीला स्वतः अक्षरओळख करून दिली. पुढे मराठीबरोबर इंग्रजीचे शिक्षणही सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचत नव्हते. रमाबाईंना टोमणे ऐकावे लागले, अबोला सोसावा लागला. त्यांनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा आर्य महिला समाजाच्या कामात त्यांनी साथ दिली. १८८४ मध्ये पुण्यात मुलींची शाळा, म्हणजेच हुजूरपागा, सुरू झाली. त्या प्रयत्नांतही त्या होत्या.

सत्तावीस वर्षांचा हा सहवास १६ जानेवारी १९०१ रोजी संपला. न्यायमूर्ती रानडे मुंबईत वारले. आता हे दिवस जरा जुळवून पाहा. संक्रांत नुकतीच झालेली. दोन दिवसांनी, १८ जानेवारीला, रानड्यांचा एकोणसाठावा वाढदिवस आला असता. त्यानंतर आठवड्याने रमाबाईंचा स्वतःचा वाढदिवस. पुढच्या प्रत्येक वर्षी तिळगूळ, पतीचे जाणे, त्यांचा जन्मदिवस आणि आपला जन्मदिवस, हे सारे एकाच पंधरवड्यात त्यांच्यापुढे उभे राहणार होते. शिवाय त्या काळी विधवेला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नसे. ज्या दिवसांत बायका एकमेकींकडे जात, त्याच दिवसांत विधवेने घरात मागे राहायचे असा रिवाज होता.

रमाबाई मुंबई सोडून पुण्यातील जुन्या घरी आल्या. सुमारे वर्षभर त्या कोणात मिसळल्या नाहीत. इथे आपण घाई करू नये. एवढ्या समर्थ बाईलाही एक वर्ष लागले. शोकाला वेळ लागतो, आणि तो द्यावा लागतो.

पण त्या तिथेच थांबल्या नाहीत, आणि यात स्नेह्यांचा वाटा मोठा होता. रानड्यांनी आयुष्यभर जोडलेली माणसे त्यांच्या पश्चात दूर गेली नाहीत. त्यांत पारशी समाजातील बेहरामजी मलबारी होते, सिंधी समाजातील दयाराम गिडुमल होते. पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले आणि गोपाळ कृष्ण देवधर होते. ना एक जात, ना एक भाषा, ना रक्ताचे नाते. या मंडळींनी रमाबाईंचे केवळ सांत्वन केले नाही, त्यांच्यापुढे काम ठेवले. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव दुःखी माणसाला हळूहळू उठवून बसवते.

१९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान रमाबाईंनी भूषवले. १९०८ मध्ये मलबारी आणि गिडुमल यांनी सेवासदनाची कल्पना मांडली, तेव्हा मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडेच आले. १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू झाले, तेही रानड्यांच्याच घरात. ज्या घरात त्या एकट्या बसून होत्या, तिथे शिकायला येणाऱ्या बायकांची वर्दळ सुरू झाली. त्यांत अनेक विधवा होत्या. कोणी शिवण शिकली, कोणी शिक्षिका झाली, कोणी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. परिचारिका होणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. ती टीकाही रमाबाईंनी सोसली.

१९१० मध्ये त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यात सासरी सोसलेले प्रसंग आहेत, पण कडवटपणा नाही. पतीविषयीची कृतज्ञता मात्र पानोपानी आहे.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी आहे. आमच्या हिशेबात ज्याचे देणे असेल त्याला ते परत केले की खाते बंद होते. आपुलकीचे देणे असे फिटत नाही. पती तर निघून गेले होते, आणि स्नेह्यांना परतफेड नको होती. मग रमाबाईंनी ते देणे कोणाला दिले? ज्यांच्याकडे सणाला कोणीच जात नाही, त्यांना. त्या तुरुंगातील स्त्रियांना भेटायला जात. सुधारगृहातील मुलांशी बोलत आणि सणासुदीला त्यांना मिठाई वाटत. रुग्णालयात फळे, फुले, पुस्तके घेऊन जात. आयुष्याच्या उत्तरार्धात आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या स्वयंसेविकांसह आळंदीला जाऊन त्या यात्रेकरू स्त्रियांची सेवा करत. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

वाचकहो, यंदा आपल्या घरी सण सुना असेल, तर जबरदस्तीने हसू नका. रडू आले तर येऊ द्या. पण रात्री निजण्यापूर्वी त्या दिवसांत डबा आणणाऱ्या, दवाखान्यात सोबत जागणाऱ्या, काही न बोलता शेजारी बसून राहिलेल्या माणसांची नावे मनात आठवा. जमल्यास एखाद्याला फोन करून सांगा की ते लक्षात आहे.

आणि दुःख शेजारच्या घरी असेल, तर त्या घरी आवर्जून जा. ती ताई, ती काकू, ती आजी विधवा आहे म्हणून हळदीकुंकवाच्या यादीतून तिचे नाव गाळू नका. तिला आधी बोलवा, इतर सुवासिनींप्रमाणेच वाण द्या, तिळगूळ द्या. तिच्या हाताला एखादे काम द्या. तिला तेवढाच मान आणि तेवढीच सोबत हवी असते.