फादर स्टीफन्स यांची गुरुदीक्षा

मागल्या वर्षी नागपूरला बहिणीकडे गेले होते, तेव्हा तिच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात मोठी गडबड चालली होती. त्यांच्या चर्चमधल्या फादरांच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे झाली होती, त्याचा समारंभ होता. फादर लोक जन्मदिवसापेक्षा दीक्षेचा दिवस अधिक मानतात, असे त्या घरच्या आजींनी मला सांगितले. त्या दिवशी आपले आयुष्य लोकांना दिलेले असते, म्हणून. ते ऐकले आणि मला शाळेत नाव ऐकलेल्या फादर स्टीफन्स यांची आठवण झाली. वाचनालयातून पुस्तके आणून त्यांच्याविषयी वाचले. तेच आज माझ्या मैत्रिणींना सांगते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडात विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावी झाला. वडील व्यापारी होते. त्या वेळी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि कॅथलिक पंथाच्या लोकांना फार जाच होता. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी रोमला जाऊन साधू व्हायचे ठरवले. पण पाउंड पकडले गेले आणि पुढची कित्येक वर्षे तुरुंगात राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि 1575 साली येशूसंघात दाखल झाले.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे गलबत निघाले आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांचा तो प्रवास! वाटेतले वादळ, वारा आणि आजार यांची सारी हकिकत त्यांनी वडिलांना पत्राने कळवली. ते पत्र पुढे इंग्लंडात छापलेही गेले. हिंदुस्थानात येऊन राहिलेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतात.

1580 साली गोव्यातच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा ते तिशीचे होते. दीक्षा मिळाली खरी, पण ज्यांच्यात काम करायचे त्या लोकांची भाषा अजून शिकायची होती. त्यांची नेमणूक साष्टी भागात झाली. तिथले लोक घरी कोकणी बोलत आणि पोथ्या मराठीत वाचत. फादरांनी दोन्ही भाषा शिकायला घेतल्या.

आता जी गोष्ट सांगायची ती कडू आहे, पण ती वगळून हे चरित्र खरे होणार नाही. फादर येण्यापूर्वी, 1567 च्या सुमारास, पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली होती. मंगेशीचा मंगेश आणि कवळ्याची शांतादुर्गा ही दैवते त्याच काळात मूळ गावे सोडून नदीपलीकडे नेण्यात आली. लोकांच्या मनात राग धुमसत होता. 1583 साली कुंकळ्ळी गावात तो उफाळला आणि पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे प्रमुख रुडॉल्फ अक्वाव्हिवा हे अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले होते. पोर्तुगीजांनी मग गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांना ठार मारले. दोन्हीकडच्या घरांत आकांत झाला.

मारल्या गेलेल्या सोबत्यांचे देह फादर स्टीफन्स यांनी गोळा करून आणले. एखादा माणूस त्यानंतर त्या मुलखाचे नाव टाकता. फादरांनी मात्र, मधला थोडा काळ सोडला तर, उरलेले सारे आयुष्य त्याच साष्टीत काढले आणि तिथल्याच माणसांकडून भाषा शिकत राहिले.

त्याच वर्षी त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे कळवले. मोठमोठ्या पंडितांनी हाच विचार मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. आणि पुढच्याच वर्षी, 1584 साली, पैठणला एकनाथमहाराज ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते!

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या बंद झाल्या होत्या. मग आम्ही वाचावे तरी काय, असा प्रश्न एक ब्राह्मण विचारतो, असा प्रसंग फादरांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्यांचे ख्रिस्तपुराण. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून येशूपर्यंतची कथा सांगितली. ज्या ओवीत आपण चातुर्मासात पोथी ऐकतो, तीच ओवी त्यांनी घेतली. मराठी भाषेची थोरवीही त्यांनी ओव्यांतच गायली.

हे पुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला! दीक्षेच्या दिवसापासून त्याला छत्तीस वर्षे झाली होती आणि फादर सदुसष्टीच्या घरात होते. तीन वर्षांनी, 1619 मध्ये, गोव्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मागे, 1640 साली छापले गेले. पुढे 1684 मध्ये तिथल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाची जुनी छापील प्रत आज एकही सापडत नाही. पण लोकांनी हाताने नकला करून ग्रंथ जपला, म्हणून 1907 मध्ये मंगळूरला आणि 1956 मध्ये पुण्याला, देवनागरीत, तो पुन्हा छापता आला.

धर्म त्यांचा वेगळा, आणि त्यांच्या राज्यकर्त्यांनी केलेला अन्याय विसरावा असे मी म्हणत नाही. पण दीक्षा एका दिवसात मिळाली तरी ती पुरी करायला छत्तीस वर्षे लागली, हे मला फार मोलाचे वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आता चाळिशीनंतर काय शिकायचे, असे मी नेहमी म्हणत असे. आता म्हणायला जीभ रेटत नाही.

आणखी एक सांगते. आपल्या कळमेश्वरला कारखाने आले तशी परप्रांतातली कुटुंबे शेजारी राहायला आली. आमच्या आळीतली अशीच एक सूनबाई मोडकेतोडके मराठी बोलते. तिच्या बोलण्याला आम्ही चार जणी हसलो होतो. फादरही पहिल्या वर्षी साष्टीत असेच अडखळले असतील. तिथे कोणीतरी न हसता त्यांना शब्द सांगितला असेल, तेव्हा कुठे त्यांच्या हातून पुराण लिहून झाले. आता ती सूनबाई दुपारी माझ्याकडे निवडण-टिपण घेऊन येते. मी तिला मराठी शब्द सांगते, ती मला तिचे सांगते. येत्या हळदीकुंकवाला तिला मंडळात घेऊन येणार आहे. भगिनींनो, तिला सांभाळून घ्या.